फुंकर

"तुझे बाबा आता खिडकी उघडायला येतील बघ," असं ती म्हणाली आणि पुढे नुसतं टक्. मग पुन्हा टक्. मी लॅपटॉपला कान लावून बसलो होतो, त्यामुळे आधी वाटलं तीच काहीतरी वाजवतेय. बोलता बोलता खाटेच्या लोखंडी कडेवर बोटातली अंगठी आपटायची तिला सवय होती. पण आवाज लॅपटॉपमधून येत नव्हता. तो शेजारी ठेवलेल्या डिस्कमधून येत होता. पडद्यावरची निळी रेघ होती तिथे थांबली. मी डिस्कवर हात ठेवला तर ती कोमट लागली, आणि आत काहीतरी दर दोन सेकंदांनी पुढे येऊन आपटत होतं आणि मागे जात होतं. बायकोला जाऊन तीन महिने आणि अकरा दिवस झाले होते. तिचा आवाज त्या सकाळी मी पहिल्यांदाच लावला होता. आणि तो बंद पडल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगून टाकतो, कारण ते दडवलं तर पुढचं सगळं खोटं होईल. मला हायसं वाटलं. परीक्षेचा पेपर पुढे ढकलला असं कळल्यावर मुलाला वाटतं तसं. ते क्षणभरच टिकलं. मग मी मोरीपर्यंत जाऊन चूळ भरून परत आलो. डिस्क अजून टकटकत होती.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. अडतीस वर्षं हेच केलं. दुकानातले, गोदामातले, टपाल कचेरीतले, भंगारवाल्यांचे, सगळे काटे माझ्या हाताखालून गेलेत. खाटकाकडचा काटा उघडला की वजन ठेवायच्या तव्याखाली चरबीचा बोटभर थर असतो, त्यात केस, हाडांचा भुगा, कधी वळवळणाऱ्या अळ्यासुद्धा. मासळीवाल्याच्या काट्यात खवले चिकटून त्यांचा पत्रा झालेला असतो. मी तो पटाशीने खरवडायचो, रॉकेलने धुवायचो आणि त्याच बाकड्यावर, हात पुसून, डबा उघडून जेवायचो. शेजारचा चष्मेवाला म्हणायचा, "काटेवाले, तुम्हाला नाक दिलंय का नुसतीच शोभा?" मी हसायचो. मला खरंच काही वाटायचं नाही. घाण ही काट्यात शिरलेली वस्तू, ती काढली की काटा खरा बोलतो, एवढाच माझा तिच्याशी संबंध. मुलगी तान्ही असताना तिचे लंगोट मात्र मी कधी बदलले नाहीत. त्या वेळी पुरुष बदलत नसत, असं मी म्हणतो. बायको म्हणायची, "खाटकाची चरबी चालते, पोरीची शी चालत नाही. कमाल आहे हो तुमची." तेव्हा तो विनोद होता.

बायको बसच्या आगारात उद्घोषक होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं मूल चौकशीपाशी रडत उभं आहे, हे ती कर्ण्यावरून सांगायची. आगारातला सामानाचा काटा बिघडला म्हणून मी तिथे गेलो आणि दोन तास खाली बसून स्क्रू आवळताना वरून तिचा आवाज ऐकत राहिलो, तशी आमची ओळख. ती शब्द सुटे सुटे बोलायची, घरातही. "आमटी. गरम. आहे." असं मी तिला चिडवायचो. बाजारात भाजी घेताना लोक मागे वळून बघायचे, चेहरा ओळखीचा नाही पण आवाज ओळखीचा, म्हणून. तिला गालाच्या आत फोड आला, तो बरा होईना, आणि दीड वर्षात त्या फोडाने गाल खाल्ला. आतून बाहेर. शेवटच्या पाच महिन्यांत गालाला भोक होतं आणि त्यावर पट्टी. दिवसातून दोनदा पट्टी बदलायला नर्स यायची.

त्या वासाबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. खाटकाच्या काट्याचा वास मेलेल्या गोष्टीचा असतो. हा जिवंत माणसाचा होता, आणि त्या माणसाच्या शेजारी मी एकतीस वर्षं झोपलो होतो. उशीला, पडद्याला, माझ्या सदऱ्याला, पिण्याच्या भांड्याला तो लागायचा. मी दुसऱ्या खोलीत झोपायला लागलो, तिला नीट झोप लागावी म्हणून, असं सांगून. खोलीत शिरलो की आधी खिडकीकडे जायचो. "कोंदलंय गं," म्हणायचो, खिडकी उघडायचो आणि तिथेच उभा राहून, बाहेर तोंड करून, तिची चौकशी करायचो. थंडीचे दिवस होते. ती पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. डॉक्टरांना दर आठवड्याला वजन हवं असायचं, तर मी दुकानातला फलाटाचा काटा, माणूस वर उभा राहू शकेल असा, घरी आणून ठेवला होता. मी आणि नर्स तिला धरून उभं करायचो. त्रेचाळीस. एक्केचाळीस पाचशे. अडतीस. मी आकडा वाचायचो, चादरीचे आठशे ग्रॅम वजा करायचो आणि लिहून ठेवायचो. ते काम मला नीट जमत होतं, कारण आकडा वाचताना खाली बघावं लागतं.

एक दिवस पट्टी बदलताना मी नाकाला रुमाल लावला. नर्सने हात थांबवले नाहीत, वर बघितलंही नाही. नंतर दाराबाहेर चपला घालताना म्हणाली, "काका, एक बोलू? रुमाल लावायचा तर खुशाल लावा. रुमालाचं काही नाही, मीसुद्धा मास्क लावते. पण रुमाल लावायच्या आधी तुमचं तोंड होतं ना, ते नका करू. नाकपुड्या आवळता, वरचा ओठ वर जातो, आणि मग पटकन भिंतीकडे बघता. त्यांना सगळं दिसतं. गाल गेलाय, डोळे नाही गेले." मी म्हटलं, "मी असं करतो?" ती म्हणाली, "आरशात बघा कधीतरी." मी आरशात बघितलं. आरशात माणूस आपलं ते तोंड करत नाही. मला काही दिसलं नाही.

ते रेकॉर्डिंग करायची कल्पना त्या नर्सचीच. जीभ अजून वळतेय तोवर बोलून ठेवा, मुलीला होईल, असं ती म्हणाली असणार. मुलगी दुसऱ्या गावी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांचे नमुने हाताळते, रक्त, लघवी, थुंकी, आणखी काय काय, आणि संध्याकाळी त्याच गोष्टी फोनवर सांगत सांगत जेवते. तिच्या आईला ते फार आवडायचं. बायको दुपारी फोन छातीवर ठेवून बोलायची. मी दारात आलो की थांबायची. बोलणं असं मध्येच तुटलं की खोली कशी होते ते कुणी त्यातून गेलं असेल त्यालाच कळेल. मी खिडकीकडे जायचो, ती माझ्या पाठीकडे बघत असायची. एकूण एक्केचाळीस वेळा ती बोलली. फोनमध्ये जागा उरली नाही तेव्हा मुलीने, एका रविवारी आली असताना, ते सगळं एका नव्या डिस्कवर उतरवलं आणि फोन मोकळा केला. डिस्क घेऊन जाणार होती, तर आई म्हणाली, "मी आहे तोवर ऐकायचं नाही. इथेच राहू दे, कपाटात." मुलगी म्हणाली, "एवढं काय गुपित आहे गं?" बायको हसली. हसताना पट्टी ओली व्हायची. आई गेल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, मला अजून ऐकवणार नाही, तुमच्याकडेच ठेवा, मी येऊन नेईन. आणि आता ती शनिवारी येणार होती. बुधवारी सकाळी मी डिस्क काढली. ती मुलीच्या हातात जाण्याआधी तिच्यात माझ्याबद्दल काय आहे ते मला बघायचं होतं. पहिलीच फाईल लावली. "सुरू झालं का? हं. बायो, ऐक," असं म्हणाली, मग दुपारी शेजारच्या घरात कुणीतरी भिंतीत खिळे ठोकतंय त्याचं काहीतरी, मग ते खिडकीचं वाक्य. त्यापुढे टक्.

ते वाक्य ती कशी म्हणाली, यावर मी तीन दिवस घालवले. "येतील बघ." त्यात हसू होतं का? तिच्या गालाची अवस्था अशी होती की हसू आणि कण्हणं सारखंच ऐकू यायचं. आम्हा नवराबायकोत एकमेकांची टिंगल करायची रीत होती, तशी ती टिंगल असेल. किंवा लेकीला ती पुरावा देत असेल, की बघ, आता येईल हा माणूस आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहील. तिने वाक्य पुरं केलं असणार. ते त्या टकटकीच्या पलीकडे होतं.

मुलीला फोन केला. ती कामावर होती, मागे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. "टकटक? कशी टकटक? मोठी का बारीक?" मी फोन डिस्कजवळ धरला. "बाबा, आधी काढा ती. नीट काढा, आणि दुसऱ्या खाचेत लावा. वायर बदला. कपाटात दुसरी वायर आहे, काळी, जाडसर." मी वायर बदलली. खाच बदलली. डिस्क फिरू लागल्याची बारीक गुणगुण आली, पडद्यावर तिचं नाव क्षणभर दिसलं, मुलीने 'आई' असंच दिलेलं, आणि गेलं. मग एक चौकट आली. मी वाचून दाखवली. यातलं काही वाचता येत नाही, सगळं पुसून नव्याने तयार करायचं का. हो, नाही. "हो म्हणू नका!" ती एवढ्या जोरात ओरडली की तिच्या मागचं यंत्रसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. "बाबा, हात काढा त्याच्यावरून. नाही दाबा. दाबलं?" "दाबलं." "नक्की?" "अगं, दाबलं म्हणतोय ना." मग ती म्हणाली, "दुकानात दाखवा. स्वतः काही करू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे." माझ्या स्वभावाबद्दल ती हसून बोलली होती. ती लहान असताना घरात एकही खेळणं असं नव्हतं जे मी उघडून परत बंद केलं नव्हतं. पण मी मात्र विचार करत होतो की 'हो' दाबलं असतं तर. बोट होतं तिथेच होतं.

झेरॉक्सवाला म्हणाला, डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, त्याच्या मेव्हण्याची तशीच सुरू झाली होती. तिथे उभी असलेली एक बाई म्हणाली, "त्यापेक्षा तांदळात ठेवा." दोघांचा वाद लागला. मी तिथून निघालो आणि पुलाखालच्या ओळीत एक माणूस बिघडलेल्या डिस्कमधून फाइली काढून देतो असं ऐकलं होतं, त्याच्याकडे गेलो. अरुंद दुकान, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर उघड्या डिस्कांची चळत. टेबलावर अर्धा खाल्लेला पाव आणि त्याच्या शेजारी दात घासायचा ब्रश, ज्याने तो सर्किटं साफ करत होता. त्याच्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं आणि त्या नखाने तो पावातला लोण्याचा गोळा सारखा करत होता. मला किळस आली. अलीकडे मला सगळ्याचीच येते. त्याने डिस्क कानाला लावली, अगदी आपण घड्याळ लावतो तशी, आणि डोळे मिटले. "वाचणारं डोकं गेलंय, काका. आत आरशासारखी तबकडी असते. तिच्यावरून एक काटा फिरतो, ग्रामोफोनसारखा, पण टेकत नाही, वर तरंगतो. केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वर. तो सापडत नाही म्हणून परत परत जाऊन आपटतोय. पडली होती का?" "नाही." मग मला आठवलं की बायको गेल्यावर कपाट आवरताना ती मी वरच्या फळीवरून खालच्या फळीवर टाकली होती. टाकली म्हणजे टाकलीच, ठेवली नाही. "म्हणजे, एकदा थोडीशी," मी म्हटलं. "थोडीशीच पुरते," तो म्हणाला.

तो म्हणाला, ही मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावी लागेल, तिथे धूळ नसलेली खोली असते, माणसं अंगभर कपडे घालून आत जातात. महिना लागेल. निम्मी शक्यता आहे. "एक ध्यानात ठेवा. उघडू नका. या वरच्या चिकटपट्टीला हात लावू नका. आत धुळीचा एक कण गेला ना, तर त्या काट्याच्या मानाने तो डोंगर. काय काम करता तुम्ही?" मी सांगितलं. तो हसला. "मग तर तुमच्यापासूनच धोका. हात चालणारी माणसंच डिस्का मारतात. घड्याळवाले, शिवणयंत्रवाले. बाकीचे घाबरून असतात." मग फॉर्म पुढे करत त्याने विचारलं, "आहे काय यात? फोटो?" "आवाज. माझ्या बायकोचा." "बरं. मग आल्यावर मी दोनचार फाइली ऐकून बघेन, नीट निघाल्यात की नाही ते. ऐकल्याशिवाय देत नाही मी." त्याने करंगळी चाटली. ती माझ्याबद्दल जे बोलली होती ते हा माणूस पाव खात खात ऐकणार होता. मी म्हटलं, मुलीला विचारून सांगतो. डिस्क उचलली आणि रुमालात गुंडाळून घरी आणली.

हे सगळं मी जितकं सरळ लिहितोय तितकं ते सरळ झालं नाही. गुरुवारची दुपार होती, जेवलो, भांडं विसळलं, आणि बाकड्यापाशी जाऊन बसलो. दुकान मी सोडलंय पण बाकडं घरात आणलंय, तिच्याच खोलीत, खाट होती तिथे. फलाटाचा काटाही तिथेच कोपऱ्यात आहे. डिस्क त्या काट्यावर ठेवून बघितली, काटा हललाच नाही. मग लहान काट्यावर ठेवली. दोनशे चौतीस ग्रॅम. एक्केचाळीस दुपारी त्यात होत्या, नसत्या तरी तेवढंच भरलं असतं. आमच्या धंद्यात दुरुस्त केलेल्या काट्याला निरीक्षक शिशाचं सील मारतो. ते सील लेखी नोंद केल्याशिवाय तोडणं गुन्हा आहे आणि अडतीस वर्षांत मी एकदाही तसं तोडलं नाही. दुकानदार म्हणायचे, जरा हात मारा ना, वीस ग्रॅमने काय होतंय. मी काटा उचलून त्यांच्या हातात द्यायचो. मला माझ्या सचोटीचा फार अभिमान होता. आता वाटतं, खोटं करण्यात माझा कधी फायदाच नव्हता. डिस्कच्या चिकटपट्टीखालचा स्क्रू बोटाला लागत होता. मी नखाने पट्टीची कड उचलली. पुढचं हातांनी केलं असं म्हणायला मला आवडेल. सहा स्क्रू, चांदणीच्या आकाराच्या डोक्यांचे, माझ्याकडे त्याचे पेचकस आहेत. झाकण निघताना चिकटलेलं सुटल्याचा आवाज झाला, पट्टी बदलताना यायचा तसाच, आणि मी नाक आवळलं. वास काहीच नव्हता.

आत तबकडी होती. इतकी स्वच्छ वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही. तिच्यात छत दिसत होतं, दिवा दिसत होता, माझं तोंड दिसत होतं, खालून दिसतं तसं, नाकातल्या केसांसकट. लहानसा काटा एका कडेला वाकडा होऊन बसला होता. भिंग लावून बघितलं, काडीने त्याला एवढासा सरळ केला. आता बंद करायचं. आणि बंद करण्याआधी मी जे हजारो वेळा केलंय ते केलं. काट्याचा दांडा ज्या पोलादी धारेवर डोलतो ती धार पुसली की शेवटी तोंड जवळ नेऊन एक फुंकर मारायची, म्हणजे कण उरत नाही. माझं काम फुंकर मारल्याशिवाय संपत नाही. बायको तर लोकांना सांगायची, "आमचे हे जेवणाच्या ताटावरसुद्धा आधी फुंकर मारतात." मी तोंड खाली नेलं, तबकडीतलं तोंड वर आलं, आणि मी जोरात फुंकर मारली. आरसा धूसर झाला आणि हळूहळू साफ झाला. काही ठिपके राहिले. ते ठिपके मला दिसले. दिसले हे मला इथे लिहायलाच हवं. दुकानवाल्याचा शब्द न् शब्द मला आठवत होता. तरी मी झाकण लावलं, सहा स्क्रू आवळले, पट्टी बोटाने दाबून बसवली आणि वायर जोडली. टकटक झाली नाही. एकदाच, पाटीवर खडा ओढावा तसा आवाज आला, दाढेपर्यंत गेला, आणि मग काही नाही.

शुक्रवारी सकाळी पुलाखालच्या माणसाने पट्टीकडे नुसतं बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. स्वतः स्क्रू काढले, झाकण काढून डिस्क दिव्याखाली तिरकी धरली. तबकडीवर एक राखाडी कडं उमटलं होतं, नांगर फिरवल्यासारखं, आणि कड्याच्या बाहेर वाळलेले डाग होते, पाच-सहा. "हे काय आहे माहिती आहे?" "फुंकर मारली मी." "थुंकी आहे ही, काका," तो म्हणाला, आणि डिस्क टेबलावर ठेवून त्याने बोटं पँटला पुसली. ज्या बोटांनी तो पाव खात होता त्यांना माझी किळस आली होती. "आता प्रयोगशाळावालेही हात लावणार नाहीत. कणसुद्धा निघणार नाही." मी खुर्चीवर बसलो. पुलावरून काहीतरी जड गेलं, फळ्यांवरच्या डिस्का हलल्या. त्याला माझी दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाला, "घरी काय सांगणार? मशीन गेली म्हणून सांगा ना. रोज दहा जणांच्या जातात. मी कागदावर तसं लिहूनही देतो, आपोआप निकामी. कोण उघडून बघायला येतंय?" त्याने कागद पुढे ओढला. मी अडतीस वर्षं बाकड्याच्या ज्या बाजूला बसलो त्याच्या उलट बाजूला आज बसलो होतो आणि समोरचा माणूस विचारत होता, जरा हात मारू का. मी नको म्हटलं नाही. तो लिहीत असताना मी त्याच्या पेनाकडे बघत राहिलो. कागद घडी करून खिशात ठेवला, डिस्क आणि झाकण रुमालात बांधलं, आणि घरी येईपर्यंत तोंडात स्वतःच्याच थुंकीची चव घोळत होती. गिळवतही नव्हती, थुंकवतही नव्हती.

शनिवारी दुपारी मुलगी आली. पिशवी खुर्चीवर टाकली, पाणी प्यायली, माझ्याकडे बघून म्हणाली, "दाढी का नाही केली? आणि सदरा कितव्या दिवसाचा हा?" मग पिशवीतून एक खोकं काढलं. नवीकोरी डिस्क, वर प्लास्टिक तसंच. "दुसरी आणलीये. दुकानदार जे काही काढून देईल ते दोन्हीवर ठेवू. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. काय म्हणाला तो?" कागद माझ्या खिशात होता. मी वरून हात लावून बघितला. तिने आईच्या खोलीत जाऊन बाकडं बघितलं, खाटेच्या जागी, आणि त्याच्या कडेवर बसली, लहानपणी बसायची तशी, पाय लोंबते ठेवून. मी रुमाल तिच्यासमोर सोडला.

तिने डिस्क उचलली नाही. वाकून बघितलं. कामावर ती दिवसभर भिंगाखाली बघत असते, तिला ठिपका म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. "उघडलीत?" "हो." "त्याने सांगितलं नव्हतं?" "सांगितलं होतं. उघडू नका म्हणाला होता." "मग?" मी म्हटलं, "वाटलं होईल." ती म्हणाली, "बाबा, खरं सांगा." ती चिडलेली नव्हती. आईसारखी, शब्द सुटे सुटे बोलत होती. मी खिशातला कागद काढला आणि तिला न देता बाकड्यावर ठेवला. म्हटलं, "हा खोटा आहे, वाचू नकोस. माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य मी ऐकलं. तुझे बाबा आता खिडकी उघडायला येतील बघ, असं म्हणाली ती. पुढचं बंद पडलं. पुढे माझ्याबद्दल काय आहे ते दुकानवाला ऐकणार होता, मग तू ऐकणार होतीस. मला तिचा वास सहन होत नव्हता. तिला ते कळत होतं. तिने ते तुला सांगितलं असेल असं मला वाटलं." मग मी तेही सांगितलं. "डिस्क बंद पडली तेव्हा मला बरं वाटलं होतं. फुंकर मात्र मी सवयीने मारली. मला वाटतं, सवयीने. डाग दिसले तरी मी झाकण लावलं."

मग तिने मान वर केली. मुलगी रडेल, ओरडेल, ती नवी डिस्क माझ्या अंगावर फेकेल, या सगळ्याची मी मनात तयारी केली होती. तसं काही झालं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या नाकपुड्या आवळल्या, वरचा ओठ किंचित वर गेला, आणि तिने पटकन भिंतीकडे बघितलं. ते तिने ठरवून केलं नाही. ते झालं. थुंकीच्या बरण्या हाताळताना जिचं तोंड कधी वाकडं होत नाही, तिचं. पाच महिने, दिवसातून दोनदा, कधी तीनदा, हे तोंड त्या खाटेवरून कुणालातरी दिसत होतं, आणि ते माझं होतं. आरशात ते मला सापडलं नव्हतं. आता समोर होतं, माझ्याच वळणाचं नाक असलेल्या चेहऱ्यावर. मला माझ्या सदऱ्याचा वास आला, तोंडाचा आला, हाताला लागलेल्या तेलाचा आला, आणि ते कुठे ठेवू ते कळेना. खोली लहान होती. कुठेही उभा राहिलो असतो तरी तिच्या समोरच असतो.

"बाबा," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "खिडकी उघडता का जरा? कोंदलंय."

मी उठलो आणि उघडली.